समुद्रासमोरची खोली: हॅवलॉकला अडीच महिने राहून आल्यावर

आम्ही जळगावचे. माझं काम जीएसटी आणि आयकराचं, लॅपटॉप आणि नेट असलं की कुठूनही होतं. धाकटीचं लग्न आटोपल्यावर हिने एकच मागणं केलं, यंदाचा हिवाळा समुद्राजवळ काढायचा. नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), पुढे बोटीने अंदमानातलं हॅवलॉक बेट, म्हणजे आजचं स्वराज द्वीप. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एकाच रिसॉर्टमध्ये महिन्याच्या बोलीवर राहिलो. निघण्याआधी वाचले ते सगळे अनुभव तीन-चार दिवस राहिलेल्यांचे होते. आमचा तसा नाही.

आधी ओहोटीचं सांगतो. रिसॉर्ट बेटाच्या पूर्वेला, विजयनगरच्या बाजूला. मॅनेजर फोनवर म्हणाला होता, "पायरी उतरली की पाणी." पहिल्या सकाळी खरंच तसं होतं. दुपारी ही व्हरांड्यात आली आणि म्हणाली, "अहो, समुद्र कुठे गेला?" पाणी पार लांब सरकलेलं, समोर नुसते मेलेल्या पोवळ्याचे दगड आणि डबकी. दिवसातून दोनदा हे होतं, वेळ रोज पाऊण-एक तास पुढे जाते, आणि अमावस्या-पौर्णिमेला पाणी आणखी आत ओढलं जातं. अनवाणी गेलात तर तळवे कापतात, माझे कापले. पोहायला पश्चिमेचा राधानगर किनारा, तिथे तळाला वाळू आहे. आम्ही भाड्याच्या स्कूटरवर जायचो. मॅनेजरला हे रोज दिसत होतं आणि त्याने सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे. खोली ठरवताना किनारा कोणत्या बाजूचा आणि तुमच्या तारखांना भरती किती वाजता, हे दोन प्रश्न विचाराच.

दुसरं खारं वारं. आपल्याकडे धुतलेला शर्ट गच्चीवर तासाभरात वाळतो. तिथे टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट लागायचा. आठवड्यात दाढीच्या रेझरवर तांबूस ठिपके आले, पंधराव्या दिवशी दाराच्या कुलपात किल्ली फिरेना, पोऱ्याने खोबरेल तेल सोडलं तेव्हा उघडलं. घरून नेलेल्या शेवेचा पुडा फोडला की दुसऱ्या दिवशी शेव मऊ. लॅपटॉप मी स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायला लागलो. तीन आठवड्यांनी आम्ही मागच्या रांगेतली खोली मागितली. भाडं कमी, मध्ये झाडं असल्यामुळे वारा थेट येत नाही, आणि समुद्र चाळीस पावलांवर. पुढच्या खोलीचा उरलेला आठवडा मात्र त्यांनी परत दिला नाही. बरंच बोललो, उपयोग झाला नाही.

त्या झाडांना तिथे सी महुआ म्हणतात. नाव ऐकून सातपुड्यातला मोह आठवला, पण झाड वेगळंच, किनाऱ्यावर वाकून उभं राहणारं. हिची दुपार तिथेच जायची.

नेटची धास्ती होती, ती खोटी ठरली. चेन्नईहून समुद्रातून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि तिची एक शाखा या बेटापर्यंत आहे. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या माझ्या ११ आणि २० तारखा दोन्ही महिने वेळेत गेल्या. वीज जाते, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी चांगली हवी.

घड्याळ भारताचं आणि सूर्य पूर्वेचा, हे लक्षात ठेवा. डिसेंबरच्या मध्यात साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो, तेव्हा जळगावात सूर्य मावळायला पाऊण तास बाकी असतो. आम्ही सहाला कामाला बसून दोनला मोकळे व्हायचो. हा दिनक्रम मला इतका आवडला की घरीही तोच चालू आहे.

जेवणाबद्दल मनापासून चांगलं लिहितो. गावात पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती, आचारीही बंगालीच. मासळी आम्ही खात नाही, आणि पहिले दहा दिवस डाळ-भात, बटाटा एवढंच ताटात. मग हिने एका दुपारी घरून नेलेलं कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ काढलं आणि आचाऱ्याच्या तव्यावर भाकरी थापली. तो शेजारी उभा राहून बघत होता. त्याने वांगं विस्तवावर भाजलं, हिने हिरवी मिरची-लसूण ठेचून भरीत केलं, आणि त्या रात्री स्वयंपाकघरातली सगळी पोरं भाकरी मोडून जेवली. त्यानंतर दर रविवारी भरीत.

संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, खाज चार दिवस जात नाही. पायाला खोबरेल तेल लावून बसावं.

पुढच्या डिसेंबरसाठी मागच्या रांगेतली तीच खोली फोनवर सांगून ठेवली आहे. आगाऊ रक्कम भरण्याआधी उरलेले दिवस परत देण्याची अट मात्र या वेळी लिहून मागितली आहे.