परड्यातल्या कोंबड्या: आधी पक्कं खुराडं की सगळ्या परड्याला जाळी?

१०-१२ गावठी कोंबड्या पाळायच्या म्हटलं की बजेट एकच असतं आणि प्रश्न पडतो, पैसे खुराड्यात घालू का परड्याला चारी बाजूने जाळी मारू. मी आधी जाळी मारली, खुराडं जुन्या फळ्यांचंच ठेवलं, आणि एका रात्रीत नऊ कोंबड्या गेल्या. त्यात अंड्यावर आलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) होत्या, अजून वाईट वाटतं.

आधी कोण कधी येतं ते बघा. दिवसा मुंगूस, घार, शिक्रा, आणि पिल्लं असतील तर कावळा आणि भारद्वाज पण. रात्री उदमांजर, रानमांजर, कोल्हा. भटकी कुत्री कधीही. एकच कोंबडी गायब आणि मागमूस नाही तर बहुतेक रानमांजर किंवा कोल्हा, चारपाच मारून तिथेच टाकल्यात, पिसं सगळीकडे, तर कुत्री धरून चाला. अंडं कवचासकट नाहीसं झालं तर साप बघा, कारण तो आख्खं गिळतो. दिवसा नुकसान झालं तरी एकदोनचं होतं कारण कोंबडी ओरडते, पळते, आपण धावतो, पण रात्री तिला अंधारात दिसतच नाही, बसल्या जागी बसून राहते आणि आत शिरलेलं जनावर एकेक करून सगळ्या मारू शकतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पैसा आधी रात्रीवर घाला.

आता जाळीचं. दुकानात षटकोनी भोकांची कोंबडी जाळी पहिली दाखवतात, स्वस्त आणि हलकी. ती कोंबडी आत ठेवायला ठीक, पण कुत्र्याने दातात धरून ओढली की उसवते आणि आमच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजली. दोन इंची भोकांची चेनलिंक (जाड तारा विणून केलेली जाळी) कुत्र्याला अडवते, पण पिल्लं त्यातून बाहेर जातात आणि साप आत येतो. अर्धा इंची भोकांची जीआय वेल्डमेश (जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी) महाग आहे खरी, पण उंदीर, मुंगूस, साप सगळ्यांना तीच पुरते. आणि गंमत म्हणजे १२ कोंबड्यांना रात्री बसायला ५ बाय ४ फुटाचं खुराडं पुष्कळ होतं, त्याला ही जाळी लागते किती? तीच सगळ्या परड्याला घ्यायला गेलात तर खिसा रिकामा.

खुराडं चिऱ्याचं बांधा किंवा लोखंडी अँगलचं, पण चिऱ्यांच्या सांधी सिमेंटने बुजवा. खाली कोबा करा, ते जमत नसेल तर जाळी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरून वर माती टाका, उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं आणि तिथेच अडतं. वारा खेळायला वरच्या बाजूला जाळीची खिडकी हवीच, नाहीतर विष्ठेच्या वाफेने कोंबड्या आजारी पडतात.

दिवसाच्या घारीसाठी कोळीवाड्यातून जुनं मासेमारीचं जाळं आणून वर ताणलं तर स्वस्तात काम होतं, फक्त ते जमिनीला टेकू देऊ नका, साप अडकून मरतात. पिल्लं पहिला दीड महिना डालग्याखाली. परड्यात केळी, अळू, झाडोरा असला की मोठ्या कोंबड्या घार दिसताच स्वतः आत घुसतात, उघडं अंगण मात्र धोक्याचं.

कुत्रा पाळला तर भुंकून जागं करतो, पण जुन्नर-आंबेगावकडे बिबट्या कुत्र्यालाच उचलतो, तिथे त्याच्या भरवशावर राहू नका. कुंपणात घरची लाईट तर कधीच सोडू नका, माणसं आणि गुरं मेलीयत त्याने. फासा किंवा विष पण नको, मुंगूस, साप, रानमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ती उंदीरही खातात, परड्याला लागतात ती.

दिवसभर घरी कोणी नसेल आणि शेजारी मुंगसांचा वावर असेल, तरच खुराड्याला लागून छोटा बंद पिंजरा करा, वरूनही वेल्डमेश मारलेला. त्यात खाद्याचा खर्च वाढतो, कारण किडे-गवत मिळत नाही, आणि गर्दी झाली तर एकमेकींना टोचतात. घरी माणूस असेल तर दिवसा मोकळ्या सोडा आणि दिवेलागणीला मोजून आत घ्या. मोजल्याशिवाय कडी लावू नका, आमच्याकडे हे काम आईचं आहे आणि एक कमी असली तर ती बॅटरी घेऊन फणसाच्या फांद्या बघते.