लिनक्स मिंट 22 : मंडळाच्या जुन्या संगणकावर सहा महिने

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळाचा संगणक 2015 साली घेतलेला असून त्याची मेमरी 4 जीबी आहे. विंडोज 10ची नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, विंडोज 11साठी टीपीएम 2.0 हा सुरक्षेचा भाग लागतो आणि तो या यंत्रात नाही. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने धडधाकट संगणक मोडीत काढावा, हे मला पटेना. म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 या ऑपरेटिंग सिस्टमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. बसवण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वायफाय आणि आवाज नीट चालतात याची खात्री करूनच मी पुढे गेले.

मिंट मोफत आहे, पण मला तिचे मोल वाटते ते वेगळ्या कारणासाठी. मंडळाचे जुने वार्षिक अहवाल एका विकत घेतलेल्या फॉन्ट-पॅकेजमध्ये टाइप केलेले आहेत. त्यात मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की पानभर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. शिवाय तो फॉन्ट हिंदीसाठी घडवलेला होता आणि त्यात ‘दऱ्या’मधला आडवा र नव्हताच. ‘दर्या’ छापून यायचे आणि आमचे तेव्हाचे सचिव प्रत्येक प्रतीवर रफार खोडून काळ्या शाईने ती छोटी रेघ काढत बसायचे. आता मिंटमध्ये इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली, त्या अक्षराचा पाय मोडला आणि य जोडला, की ‘ऱ्य’ उमटतो.

याचे श्रेय एकट्या मिंटला देणे योग्य होणार नाही. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारे युनिकोड 1991पासून आहे, इन्स्क्रिप्टची मांडणी आयएस 13194:1991 या भारतीय मानकात आहे, आणि दोन्ही विंडोजवरही चालतात. एका कंपनीच्या मालकीची ऑपरेटिंग सिस्टमसुद्धा मानक पाळू शकते. अॅपलच्या मॅकओएसने 2007 साली युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्या मानकाचे प्रमाणपत्र मिळवले होते. लिनक्सच्या मिंटसारख्या बहुतेक वितरणांनी (तयार संचांनी) असे प्रमाणपत्र घेतलेले नाही, तरी 1988च्या पॉझिक्स या युनिक्सवर आधारलेल्या मानकाची घडण त्यांत बऱ्याच अंशी पाळलेली असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टम निवडताना मालक कोण यापेक्षा आपले काम कोणत्या स्वरूपात साठते, हे मी आधी पाहते.

मिंटसोबत येणारे लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर ओडीटी या खुल्या स्वरूपात फाइल जतन करते, आणि 2006पासून ते आयएसओ/आयईसी 26300 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. यंदाच्या अहवालाची फाइल मी मुद्दाम झिपसारखी उलगडून पाहिली. आतल्या एक्सएमएल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये खुणांच्या गर्दीत ‘गणेशोत्सवाचा जमाखर्च’ हे शब्द स्वच्छ देवनागरीत दिसले, तेव्हा मला फार समाधान वाटले. उद्या लिबरऑफिस नसले, तरी हा मजकूर वाचता येईल.

उणिवाही आहेत. आमच्या प्रिंटरच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला नसल्यामुळे स्कॅनरचा भाग बंद पडून आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते, म्हणून खजिनदारांना ते काम घरच्या संगणकावर करावे लागते. बाहेरून आलेल्या डॉक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या, फाइलींतले तक्ते आणि चौकटी कधी कधी सरकतात. महाराज बाड्याजवळच्या छापखान्यात मजकूर देताना मी आता पीडीएफच नेते.

पत्रव्यवहार, मराठी लेखन आणि इंटरनेट एवढेच काम असलेल्या घराने किंवा संस्थेने जुन्या संगणकावर मिंट निःशंकपणे बसवावी. या आवृत्तीला 2029पर्यंत अपडेट मिळणार आहेत. हिशेबाचे किंवा एखाद्या खास यंत्राचे काम असेल, तर आधी पेनड्राइव्हवर तपासून घ्यावे. आमचे जुने अहवाल छापील प्रतींवरून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्याचे काम सुरू आहे. तीन वर्षांचे झाले, अकरा वर्षांचे उरले आहेत.