मिलसाहेबांची गिरणी: एका डीटीपी केंद्राचा अनुभव

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजचा, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) पाळक, अर्थात धर्मगुरू घडवणाऱ्या एका छोट्या सेमिनरीचा इतिहास फुलस्केप कागदांवर लिहून ठेवला होता. ती पाने टाइप करून पुस्तिकेच्या रूपात बांधून घेण्यासाठी मी नवी पेठेतील एका डीटीपी केंद्राकडे दिली. हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे.

पहिले मुद्रित हाती आले तेव्हा हसावे की रडावे कळेना. कॉलेजचे पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल हे संस्कृतचे जाणकार होते आणि त्यांनी येशूचे चरित्र संस्कृत पद्यात रचले. पण टाइप करणाऱ्या मुलाने ‘मिल’ या शब्दाची सरसकट ‘गिरणी’ करून टाकल्यामुळे हे काव्य गिरणीने रचल्याचे छापून आले. सोलापुरात वाढलेल्या मुलाला मिल म्हटल्यावर दुसरे काय सुचणार, म्हणून ही चूक मी मनावर घेतली नाही.

दुसरी चूक मात्र गंभीर होती. कलकत्त्याचे पहिले बिशप टॉमस मिडल्टन यांनी १८२० मध्ये शिबपूरला, हुगळीच्या काठी, हे कॉलेज स्थापन केले खरे, परंतु भारतीय माणसाला पाळकपदाची दीक्षा देण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला आहे की नाही, याविषयी ते स्वतः साशंक होते. १८२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अब्दुल मसीह या भारतीय धर्मप्रचारकांना ही दीक्षा मिळाली ती पुढे १८२५ मध्ये, बिशप हेबर यांच्या हातून. वडिलांच्या साऱ्या लेखनाचा कणा असलेली ही ओळच गाळली गेली होती. ती नसेल तर कृष्णमोहन बॅनर्जी यांच्यासारख्या भारतीय पाळकाने त्याच कॉलेजात प्राध्यापक होणे ही एक साधी नेमणूक वाटते, आणि तिचे मोल वाचकाच्या ध्यानात येत नाही.

बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्तांच्या तेथील ग्रीक, लॅटिन व संस्कृतच्या अभ्यासाचे पान मात्र निर्दोष होते, तसेच १८८० मध्ये शिबपूरच्या इमारतींत अभियांत्रिकी महाविद्यालय आले तो भागही. (आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशन या वेगळ्या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतली, अँग्लिकनांशी एका चर्चमध्ये नांदणे सुरू झाले ते १९७० नंतर. तरीही वडिलांना या सेमिनरीचा ध्यास होता.)

केंद्रचालकांनी कुरकुर न करता आणखी दोन मुद्रिते काढून दिली आणि त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. शिलाई पक्की आहे, कापडी पाठ नेटकी बसली आहे, कागदही पिवळट व डोळ्यांना सुखाचा आहे. आठवड्याचे काम महिनाभर लांबले, हा दोष राहतोच. जुने हस्तलिखित देणाऱ्यांनी विशेषनामांची यादी सोबत जोडावी आणि मूळ पाने समोर ठेवून ओळीला ओळ लावून पाहावी. मी ती यादी दिली तेव्हा कुठे तिसऱ्या मुद्रितात मिलसाहेब प्राचार्यपदी रुजू झाले.