रोथेनबुर्ग की बामबेर्ग: न्यूरेंबर्गहून एकच जुने गाव पाहायचे असेल तर

न्यूरेंबर्ग किंवा एर्लांगेन येथे नोकरी करणाऱ्या मुलांकडे आईवडील आले आणि त्यांना एखादे जुने जर्मन गाव दाखवायचे ठरले, की पहिले नाव निघते ते टाउबर नदीवरच्या रोथेनबुर्गचे. थोडी अधिक चौकशी केली की बामबेर्गचेही नाव कानावर येते. दोन्ही गावे बव्हेरियातील फ्रांकोनिया या भागात असून दोन्हींकडे रेल्वेने जाता येते, पण एक न्यूरेंबर्गच्या पश्चिमेला आणि दुसरे उत्तरेला असल्यामुळे दोन्ही एका दिवसात उरकण्याचा बेत करू नये. बहुतेक जण छायाचित्रे पाहून निवड करतात. माझ्या मते, आपण तेथे मुक्काम करणार की संध्याकाळी परतणार, हे आधी ठरवावे आणि मग गाव निवडावे.

रोथेनबुर्गला १२७४ मध्ये मुक्त शाही नगराचा, म्हणजे थेट सम्राटाच्या अधीन असलेल्या नगराचा दर्जा मिळाला. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ मध्ये, कॅथॉलिक बाजूचा सेनापती टिली याच्या सैन्याने ते जिंकले आणि तीनच वर्षांनी प्लेगने उरलेसुरले त्राण काढून घेतले. त्यानंतर गावाकडे नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही, म्हणून तटबंदी, वेशी आणि उतरत्या छपरांची घरे तशीच टिकली. तरीही ‘जसेच्या तसे मध्ययुगीन गाव’ हे वर्णन पूर्ण खरे नाही, कारण ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग, मुख्यतः पूर्वेकडचा, नष्ट झाला आणि नंतर जुन्या घाटणीनुसार पुन्हा उभारण्यात आला. तटाच्या छपराखालच्या वाटेने चालताना भिंतीत बसवलेल्या पाट्यांवर देणगीदारांची नावे दिसतात. त्यांत दूरच्या जपानमधलीही आहेत. या पुनर्बांधणीमुळे गावाचे मोल कमी होते असे मला वाटत नाही, मात्र पाहणाऱ्याने ते जाणून पाहावे.

अडचण गर्दीची आहे. जेमतेम ११ हजार वस्तीच्या या गावात हंगामात दुपारी सहलींच्या बसगाड्या एकामागून एक येतात, आणि प्ल्योनलाइन या सुप्रसिद्ध तिठ्यावर शांतपणे उभे राहणेही कठीण होते. बसगाड्या परतल्यावर, दिवेलागणीनंतर, तेच गाव एकदम आपले वाटू लागते. कंदील आणि परशू घेतलेल्या रात्रपहारेकऱ्यासोबतची फेरी किंवा पहाटे दगडी रस्त्यांवरून एकट्याने मारलेला फेरफटका, हे सुख केवळ मुक्काम करणाऱ्यालाच लाभते. त्यातच न्यूरेंबर्गहून जाताना गाड्या बदलाव्या लागतात, शेवटचा बदल श्टाइनाख या लहानशा स्थानकावर असतो, आणि एका बाजूचा प्रवास सव्वा ते दीड तासांचा होतो. म्हणजे दिवसभराच्या सहलीत गाव नेमके त्याच्या सर्वांत वाईट वेळी पाहिले जाते.

बामबेर्गची थेट गाडी मात्र तासाभराच्या आतच पोहोचवते. महायुद्धात या शहराची फारशी हानी झाली नाही आणि त्याचा जुना भाग १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. विद्यापीठ, बाजार आणि नित्याची वर्दळ असलेले हे नांदते शहर असल्याने पर्यटकांची गर्दी त्यात सामावून जाते. रेग्निट्झ नदीच्या मधोमध उभे असलेले जुने नगरभवन पाहताना भिंतीवरच्या चित्रांकडे नीट लक्ष द्यावे: रंगवलेल्या एका बालदेवदूताचा पाय खरोखरच भिंतीबाहेर आलेला आहे. बिशपने जमीन देण्यास नकार दिल्यामुळे नागरिकांनी नदीतच खांब रोवून ही इमारत बांधली, अशी आख्यायिका सांगतात. वरच्या टेकडीवर चार मनोऱ्यांचे कॅथेड्रल आहे. तेथे बामबेर्गचा अश्वारूढ हे तेराव्या शतकातील शिल्प आणि पोप क्लेमेंट दुसरे यांची समाधी आहे.

या दोन्ही गावांना जोडणारा शिल्पकार म्हणजे टिलमान रिमनश्नायडर, आणि कलेची आवड असणाऱ्याने निवड त्याच्यावरून करायलाही हरकत नाही. रोथेनबुर्गच्या सेंट याकोब चर्चमध्ये, सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभीची त्याची ‘पवित्र रक्ता’ची वेदी आहे. लिंडन वृक्षाच्या लाकडात कोरलेल्या, येशूच्या अंतिम भोजनाच्या या दृश्यात त्याचा विश्वासघात करणारा शिष्य जूडास मध्यभागी उभा आहे. आकृत्यांवर रंग चढवलेला नसल्यामुळे चेहऱ्यांवरचा संशय आणि वस्त्रांच्या चुण्या केवळ उजेड आणि सावलीतून उमटतात. बामबेर्गच्या कॅथेड्रलमध्ये त्यानेच १४९९ ते १५१३ या काळात सम्राट हाइन्रिख दुसरा आणि सम्राज्ञी कुनिगुंडे यांची दगडी समाधी घडवली. निष्ठा सिद्ध करण्यासाठी तापलेल्या नांगरफाळांवरून चालणारी कुनिगुंडे या समाधीच्या एका बाजूवर कोरलेली आहे. भारतीय पाहुण्याला तेथे सीतेच्या अग्निपरीक्षेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एकच काम पाहायचे असेल, तर मी लाकडातले निवडेन.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन्हीकडे दगडी फरसबंदी त्रासाची आहे. रोथेनबुर्गच्या तटावर चढणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत, पण तट वगळला तर गावातली मुख्य ठिकाणे बऱ्यापैकी सपाटीवर आहेत; बामबेर्गला कॅथेड्रलचा चढ चुकत नाही, मात्र तेथवर बस जाते. शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे मेनू नीट विचारून घ्यावा लागेल. रोथेनबुर्गचा श्नेबाल, म्हणजे पिठाच्या पट्ट्यांचा गोळा तळून वर साखर भुरभुरलेला पदार्थ, चिरोट्याची आठवण करून देतो, पण त्यात अंडे असते.

तेव्हा एकच दिवस हाती असेल आणि सोबत वडीलधारी माणसे असतील, तर मी निःसंकोच बामबेर्ग सुचवेन. एक रात्र काढता येत असेल, तर रोथेनबुर्गला दुपारी उशिरा पोहोचावे आणि दुसऱ्या दिवशी गर्दी येण्याआधी तटावरची फेरी पूर्ण करावी. डिसेंबरात जाणाऱ्यांनी मात्र हेही लक्षात घ्यावे की रोथेनबुर्गचा नाताळबाजार मुक्कामाच्या खोल्या फार लवकर भरून टाकतो, तर बामबेर्गमध्ये त्याच दिवसांत चर्चेसमध्ये आणि संग्रहालयांत मांडलेले येशूजन्माचे देखावे पायी फिरून पाहता येतात.