स्नॅप की थेट गाठ? हिडकलच्या काठावरचे आठ महिने

गेल्या दसऱ्यापासून यंदाच्या मृगापर्यंत मी जवळजवळ प्रत्येक रविवारी बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या फुगवट्यावर किंवा संकेश्वरजवळच्या हिरण्यकेशीच्या डोहांवर मरळीसाठी ल्युअर, म्हणजे गळ लावलेले कृत्रिम आमिष, टाकत होतो. या काळात काठी आणि रीळ एकच ठेवले, रिळावरची वीस पाउंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरीही बदलली नाही. बदलत राहिलो ती फक्त दोरी आणि ल्युअर यांना जोडणारी शेवटची दोन बोटांची जागा. स्नॅप-स्विव्हल (उघडझाप होणारी तारेची कडी, म्हणजे स्नॅप, आणि तिला जोडलेली गोल फिरणारी स्विव्हल), नुसता स्नॅप, थेट गाठ आणि मोकळा फास हे चार प्रकार मी आळीपाळीने वापरले.

या विषयावरची बहुतेक माहिती अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासच्या मासेमारीतून आलेली आहे. आपल्या नद्यांत बास नाही. मात्र दडून बसणे, झेप घेऊन भक्ष्य गिळणे आणि पाणवनस्पतींच्या कडेला राहणे या सवयींत मरळ त्याच्या जवळची आहे, त्यामुळे ल्युअर तेच चालतात. फरक दातांचा आहे. बासचे दात बारीक कानशीसारखे असतात, म्हणून तिकडचे लोक त्याला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. मरळीचे दात टोकदार असतात आणि त्या दातांची पहिली झळ बसते ती गाठीलगतच्या दोरीला. बाससाठी दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे हे मुख्य कारण.

सुरुवात मी स्नॅप-स्विव्हलने केली, कारण दुकानात तेच पुढे केले जाते आणि ल्युअर बदलणे त्याने क्षणात होते. दोन महिन्यांत माझे मत पक्के झाले की, गोल फिरणारे पाते असलेला स्पिनर सोडला तर या वस्तूचे काम कुठेच नाही. स्पिनर पाण्यात फिरताना दोरीला पीळ घालतो आणि तो पीळ स्विव्हल अडवते, एवढाच तिचा खरा उपयोग. हलक्या तरंगत्या मिनोला (लहान माशाच्या आकाराचा ल्युअर) तीच स्विव्हल लावली की त्याचे नाक खाली झुकते आणि त्याची डुलणारी चाल मंदावते. शिवाय पुढचा तिहेरी गळ मागे उलटून स्विव्हलमध्ये अडकतो, आणि हे लक्षात येईपर्यंत अख्खी फेक वाया गेलेली असते. हुन्नूरच्या बाजूला, जिथे उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बुडालेले विठ्ठलाचे मंदिर उघडे पडते, तिथल्या एका सकाळी माझ्या निम्म्याहून अधिक फेका अशा फुकट गेल्या.

त्यानंतर स्विव्हल काढून नुसता लहान स्नॅप लावला आणि तोच आज माझ्या डबीत सर्वाधिक वापरला जातो. मात्र स्नॅपचा आकार पाहून घ्यावा. ज्याचे पुढचे टोक रुंद गोलाकार आहे, त्यात ल्युअरचा डोळा दोन्ही बाजूंना मोकळा हलतो. टोक निमुळते असेल तर डोळा कोपऱ्यात रुतून बसतो आणि क्रँकबेट, म्हणजे फुगीर अंगाचा ल्युअर, एका बाजूला कलून चालतो. सेफ्टी पिनसारखे पातळ पत्र्याच्या खाचेत अडकणारे स्नॅप मी पूर्णपणे सोडून दिले, कारण माघात एक जड मरळ काठापासून हातभर अंतरावर उसळी मारून सुटली आणि स्नॅप उघड्या तोंडाने परत आला. दोन्ही टोकांच्या तारा एकमेकींत अडकतात अशा प्रकारचा स्नॅप त्यानंतर एकदाही उघडलेला नाही. आकाराच्या आकड्यांवर विसंबून मागवू नये, कारण एका कंपनीत आकडा वाढला की स्नॅप मोठा होतो, तर दुसऱ्या कंपनीत लहान. मिलिमीटरमधली लांबी पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

ज्या मिनोच्या नाकात आधीच गोल दुहेरी कडी असते, त्याला स्नॅपची गरज नसते. पण त्या कडीवर थेट गाठ मारली तर गाठ सरकून तारेच्या उघड्या टोकाशी येते आणि तिथली धार दोरी कापते. अशा वेळी मी कडी काढून स्नॅप लावतो. दोन्ही एकत्र ठेवल्यास वजन वाढते आणि फायदा काहीच होत नाही.

जलपर्णीत पोकळ रबरी बेडूक टाकायचा असेल तेव्हा मात्र मी स्नॅपला हात लावत नाही. स्नॅपच्या प्रत्येक वाकणात पाने आणि मुळ्या अडकतात. स्पिनरबेटच्या (वाकवलेल्या तारेवर पाते असलेला ल्युअर) उघड्या वळणावर तर स्नॅप घसरून भलतीकडे जातो. तिथे थेट गाठच हवी, आणि ब्रेडसाठी माझी निवड पालोमार आहे. दोरी दुहेरी करून डोळ्यातून काढायची, साधी गाठ सैल मारायची, फासातून अख्खा बेडूक पार करायचा आणि ओढायचे. ही गाठ अंधारातही जमते. आधी मी सुधारित क्लिंच वापरत असे. नायलॉनच्या तंगुसावर ती उत्तम बसते, पण गुळगुळीत ब्रेडवर घरी वजनकाट्याला बांधून ओढून पाहिली तेव्हा ती न तुटता हळूहळू सरकत सुटली. पालोमारची एक अडचण सांगितली पाहिजे: दोन-तीन तिहेरी गळ असलेला ल्युअर त्या फासातून काढताना गळ दोरीत अडकतात, म्हणून अशा ल्युअरला मी युनि गाठ मारतो.

याच काळात नदीकाठच्या एका वयस्क मच्छीमार अण्णांशी ओळख झाली. ते कन्नड बोलतात, मला ती कामापुरती येते. माझा स्नॅप हातात घेऊन त्यांनी विचारले, ‘गंटु एल्लि?’, म्हणजे गाठ कुठे आहे. मी स्नॅपच्या मागची गाठ दाखवली, तर त्यांनी ती नखावरून फिरवली आणि तिच्या वरची बोटभर दोरी खरखरीत झाल्याचे मला दाखवले. तेव्हापासून प्रत्येक माशानंतर शेवटची वीतभर दोरी मी दोन नखांतून ओढून पाहतो आणि किंचितही खरखर जाणवली तर कापून नवी गाठ मारतो. स्नॅपचा खरा तोटा मला इथेच दिसतो: ल्युअर बदलण्यासाठी दोरी कापावी लागत नाही, म्हणून झिजलेली जुनी गाठ दिवसभर तशीच राहते.

उघड्या पाण्यात, दगडी तळावर, मी ब्रेडपुढे दोन हात फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे शेवटचा वेगळ्या धाग्याचा तुकडा, जोडतो आणि त्यासाठी एफजी गाठ वापरतो, कारण ती बारीक असल्याने काठीच्या कड्यांतून अडखळत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, फ्लुओरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा त्याहूनही अधिक. फ्लुओरोकार्बनचा आकडा पाण्याच्या जास्त जवळचा, म्हणून हा धागा पाण्यात कमी दिसतो. पण तो नायलॉनपेक्षा जड असल्याने लवकर बुडतो आणि पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्युअरचे नाक खाली ओढतो. अशा ल्युअरला मी जाड नायलॉनचा लीडर आणि न सरकणारा मोकळा फास देतो. फास लहान, हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठेवला की ल्युअर डावी-उजवीकडे मोकळेपणी वळतो आणि धातूचे वजनही लागत नाही. फ्लुओरोकार्बनची कोणतीही गाठ ओढण्यापूर्वी ओली करणे अत्यावश्यक आहे; कोरडी ओढली तर घर्षणाने तापून ती तिथेच कमकुवत होते, आणि माझ्या सुरुवातीच्या दोन महिन्यांतल्या बहुतेक तुटी याच चुकीमुळे झाल्या.

जलाशयात मासेमारीचा ठेका दिलेला असतो, त्यामुळे जाण्यापूर्वी ठेकेदाराची परवानगी घ्यावी. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करते. त्या थव्यावर टाकलेल्या ल्युअरवर पालक मासा धावतोच आणि तो गेला की मागची सगळी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. म्हणून मृग लागताच मी काठी गुंडाळली, डबी रिकामी केली, ज्या स्नॅपची तार बोटाने दाबल्यावर पूर्वीसारखी ताठ लागत नव्हती ते सगळे वेगळे काढले आणि दसऱ्यासाठी नवे मागवले.