फिकट ऑस्कर: जातीचाच पांढरा की तब्येतीने उतरलेला?

एका ओळखीच्या मुलाने दुकानातून फोटो पाठवले. शेजारशेजारच्या दोन टाक्या, प्रत्येकीत एक ऑस्कर मासा. दोघे तीन-तीन इंची, दोघे फिकट. वय सहा महिने, असं दुकानदार म्हणतो. "काका, कुठला घेऊ?"

चांगल्या पाण्यात आणि पोटभर खाण्यावर ऑस्करचं पिल्लू पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतं. म्हणजे वय खरं असेल तर दोघेही मागे पडलेत. पण मागे पडण्याची कारणं सारखीच असतील असं नाही. त्याला म्हटलं, फोटो पुरे, आता व्हिडिओ कॉल लाव.

पहिला अल्बिनो. पांढऱ्या अंगावर नारिंगी जाळी, डोळा लाल. याचा फिकेपणा जन्माचा, त्यावरून तब्येतीचं काहीच कळत नाही. दुसरा साधा टायगर ऑस्कर. हा खरं तर काळपट-तपकिरी असायला हवा, पण दिसत होता धुवून विटलेल्या शर्टासारखा. तरीही रंगावरून त्याला लगेच नापास करू नये. खाली पांढरी वाळू, वर भगभगीत दिवा असला की धडधाकट ऑस्करही फिका पडतो. रात्री दिवा लावून पाहिलंत तर घरचाही फिका पडलेला दिसेल. माशाचा रंग मिनिटांत बदलतो, अंगकाठी मात्र बदलत नाही.

म्हणून बघायची ती अंगकाठी. वाढ खुंटलेल्या माशाचं अंग थांबतं, पण डोळा मोठा होत राहतो. टायगरचा डोळा चेहऱ्यावर बटण शिवल्यासारखा दिसत होता. वरून पाहिलं तर डोक्यामागचा मांसल भाग बसलेला, पोट आत गेलेलं. अल्बिनोचा डोळा अंगाच्या मानाने बेताचा, पाठ भरलेली. तो बहुधा लहानच असावा. दुकानातल्या वयावर माझा फारसा विश्वास नाही.

मग दुकानदाराला दोन-दोन पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, टाकायला सांगितले. अल्बिनो काचेपर्यंत धावला आणि गिळून पुन्हा वर बघत बसला. टायगरने पेलेट तोंडात घेतला, चघळला, थुंकला. मागे पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत होती. नुसत्या उपाशी माशाची विष्ठाही पांढरी येते, त्यामुळे ती एकटी पुरावा नाही. पण खाणं थुंकणं आणि बसलेलं पोट यांच्या जोडीने ती दिसली की आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा. मासा खाऊनही झिजत असेल, पाठीला बाक येत असेल तर माशांचा क्षयही असू शकतो. तो माणसाच्या जखमेतून कातडीला लागतो, तेव्हा हात कापलेला असताना अशा टाकीत घालू नका.

माझा कौल अल्बिनोला. टायगर घ्यायचाच तर वेगळी टाकी आणि सबुरी हवी. त्याची हुकलेली वाढ सगळी भरून निघेलच असं नाही.

असाच फिका, अडलेला मासा आधीपासून घरी असेल तर औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासायचं टेस्ट किट काढा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट चाळीस पीपीएमच्या खाली. पाणी २५ ते २८ अंश. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटरशिवाय एवढं राहत नाही. आणि टाकी! दोन फुटी टाकीत फूटभर होणारा मासा ठेवून "वाढत नाही हो" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. एका मोठ्या ऑस्करला चार फुटी, अडीचशे-तीनशे लिटरची टाकी लागते. दर आठवड्याला निदान तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, आणि नवं पाणी क्लोरीन काढूनच घालायचं.

मुलाने अल्बिनो नेला. रात्रीच त्याचा घाबरून फोन, "काका, हा तळाशी आडवा झालाय!" कल्ले सावकाश हलत होते, श्वास नेहमीचा. ऑस्कर जागा बदलली की रुसतो. म्हटलं, दिवा घालव आणि झोप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने हातातला पेलेट बोटासकट ओढला.