चाळिशीनंतर सॉफ्टवेअर टेस्टिंग : कॉलेज रोडवरच्या एका क्लासचा अनुभव

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 26 वर्षे क्वालिटी विभागात काढल्यावर, वयाच्या 47व्या वर्षी मी कॉलेज रोडवरच्या एका खासगी संस्थेत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा पाच महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. माझ्या वयाची बरीच मंडळी सध्या याच विचारात आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटी मी सांगणार आहे त्या एकाच संस्थेच्या असतील असे मला वाटत नाही.

फी 38,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, दोन हप्त्यांत. बॅच सायंकाळी सात ते नऊ. पहिली पाळी संपवून पाथर्डी फाट्यावरच्या घरी जेवण करून वेळेत पोहोचता येत असे. वीस जणांच्या बॅचमध्ये चाळिशी ओलांडलेले आम्ही दोघेच होतो. बाकीची मुले आम्हाला पहिल्या दिवसापासून ‘काका’ म्हणत, आणि लॅपटॉपवर काही अडले की उठून जवळ येऊन दाखवत. त्यांचे हे सहकार्य मी विसरणार नाही.

मॅन्युअल टेस्टिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः हाताने वापरून तपासण्याचा, भाग या क्लासमध्ये अतिशय मन लावून शिकवला जातो. अर्जातील वयाच्या रकान्यात 18 ते 60 एवढेच आकडे चालणार असतील, तर मधले सगळे आकडे तपासत बसण्याऐवजी 17, 18, 60 आणि 61 हे आधी तपासावेत, कारण चूक बहुधा सीमेवरच दडलेली असते, असे सरांनी फळ्यावर मांडले तेव्हा मला कारखान्यात माप तपासायचा माझा गो-नो गो गेज आठवला. बोअरमध्ये, म्हणजे भागाच्या छिद्रात, गेजची एक बाजू जायलाच हवी आणि दुसरी जाता कामा नये, एवढ्यावर तो भाग पास की रिजेक्ट हे आम्ही ठरवत आलो. मधले माप किती आहे याची तिथे गरजच पडत नाही. मी हे बोलून दाखवल्यावर सरांनी मला पुढे बोलावून तेच उदाहरण सर्वांना समजावून सांगायला लावले.

बग रिपोर्टच्या, म्हणजे सापडलेली चूक लिहून कळवण्याच्या, बाबतीतही असेच झाले. मी पहिल्यांदा ‘लॉगिन होत नाही’ एवढेच लिहिले होते. सरांनी ते परत केले आणि कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या क्रमाने, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले हे सारे लिहायला सांगितले. कारखान्यात रिजेक्शन नोट लिहिताना पार्ट नंबर, मशीन आणि शिफ्ट गाळली तर पुढचा माणूस काहीच करू शकत नाही, हे मला माहीत असूनही संगणकासमोर बसल्यावर सुचले नव्हते. त्यानंतर माझा एकही रिपोर्ट परत आला नाही.

डेटाबेसमधली माहिती शोधण्याची भाषा, म्हणजे एसक्यूएल, दोन आठवड्यांत बऱ्यापैकी समजली. रिकामी नोंद शोधताना बरोबरचे चिन्ह चालत नाही, ‘इज नल’ असेच लिहावे लागते, यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली, पण आता ते पक्के डोक्यात बसले आहे. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आणि ब्राउझरमधली तपासणी आपोआप करणारे सेलेनियम हे साधन मात्र फार घाईने उरकले गेले. ज्याने आयुष्यात प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नाही, त्याला जावातल्या ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ या संकल्पना दहा दिवसांत कळतील ही अपेक्षाच चुकीची आहे. ही उणीव मी एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरील आयआयटी खरगपूरच्या 12 आठवड्यांच्या जावा अभ्यासक्रमाने भरून काढली. तो शिकण्यासाठी विनामूल्य आहे, पैसे लागतात ते फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असल्यास.

संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र आणि आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही प्रवेशाच्या वेळी स्पष्ट विचारून घ्यावे. आयएसटीक्यूबीच्या फाउंडेशन परीक्षेत 60 मिनिटांत 40 प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 26 गुण लागतात. परीक्षा आपल्या मातृभाषेत नसेल तर 15 मिनिटे वाढवून मिळतात. तिची फी आपणच वेगळी भरायची असते. या परीक्षेपुरती क्लासची तयारी पुरेशी ठरली.

माझी खरी तक्रार प्लेसमेंटबद्दल आहे. प्रवेश घेताना ‘शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य’ असे सांगितले गेले. कोर्स संपल्यावर ज्या कंपन्यांची यादी हाती आली, तिच्यात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी गेल्या दोन वर्षांत पदवी मिळवलेलेच उमेदवार हवे होते. मी 1998 सालचा मेकॅनिकल डिप्लोमाधारक आहे हे माझ्या अर्जावर पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. ही अट फी घेण्याआधी सांगणे त्यांचे कर्तव्य होते, आणि ते त्यांनी केले नाही याचे मला आजही वाईट वाटते. माझ्यासोबतच्या दुसऱ्या गृहस्थांनी तर नोकरी सोडून प्रवेश घेतला होता. म्हणून शिकवण्याला मी पाचपैकी चार तारे देतो आणि प्लेसमेंटला एकच.

कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो, की आपल्या वयाच्या आणि शिक्षणाच्या किती जणांना या संस्थेतून नोकरी लागली हे लेखी मागावे, आणि हातातली नोकरी कोर्स संपेपर्यंत सोडू नये. मी ती सोडलेली नाही. यादीचा नाद सोडून आता मी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांकडे थेट अर्ज करतो आहे. पुण्यातल्या अशाच एका कंपनीच्या पहिल्या मुलाखतीत अर्धा तास कॅलिब्रेशन (मापयंत्रांची अचूकता पडताळणे) आणि रिजेक्शनच्या नोंदींवरच बोलणे झाले. दुसऱ्या फेरीचे बोलावणे आले असून त्यासाठी एक दिवसाची रजा टाकली आहे.